कोबाल्टचा एक अणू

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग होत होता, आणि त्याचं कारण कुणालाच उमगत नव्हतं. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं घटलेल्या, पण उरलेली एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी, फुगलेली. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिकट होतात. इथं चित्र उलटं होतं. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना विल्स यांनी या बायकांच्या घरी काय शिजतं याची चौकशी केली, तसंच निकस खाणं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना घालून पाहिलं, आणि अखेर त्यांना औषध सापडलं ते एका अगदी स्वस्त वस्तूत. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा एक काळपट, खारट अर्क असतो. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात, त्याचं नाव मार्माइट. तो पोटात गेल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले.

त्याच काळात तिकडे बोस्टनमध्ये मायनट आणि मर्फी हे दोन डॉक्टर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका पंडुरोगावर रुग्णांना रोज पाव किलोच्या आसपास, कच्चं किंवा जेमतेम शिजवलेलं यकृत खायला घालत होते. ऐकूनच पोटात ढवळावं असा उपचार, पण मरणाच्या दारातली माणसं त्यानं उठून बसली. यकृताचं महत्त्व कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून आधी दाखवणारे व्हिपल आणि हे दोघे, अशा तिघांना मिळून १९३४ चं नोबेल मिळालं. विल्स यांनीही यकृताचा अर्क वापरून पाहिला होता. त्यात त्यांच्या लक्षात आलं की ओबडधोबड अर्क त्यांच्या रुग्णांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला अर्क पडत नाही. म्हणजे यकृतात दोन वेगवेगळे पदार्थ असले पाहिजेत. त्यांतला एक, यीस्टमध्येही असलेला, पुढे १९४१ मध्ये पालकापासून वेगळा काढला गेला; त्याला आपण फोलेट किंवा फॉलिक ॲसिड म्हणतो. दुसरा १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी हाती आला. काही टन यकृत आटवून मिळालेले चिमूटभर लालबुंद स्फटिक. ते जीवनसत्त्व बी१२.

फोलेट पालेभाज्यांत आहे, डाळींत आहे, शेंगदाण्यात आहे. बी१२ मात्र वनस्पतींत नाही. आहारातून दूध, अंडी, मांस, मासे सगळं वर्ज्य करणाऱ्या माणसाला, म्हणजे आता रूढ झालेल्या शब्दात व्हीगन माणसाला, पोषणाच्या पुस्तकातलं हे एवढं वाक्य नीट कळलं तर बाकीचं बरंचसं त्याला स्वयंपाकघरातच सोडवता येतं.

बी१२ च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो आणि त्याच्याभोवती इतकी गुंतागुंतीची रचना असते की ती उलगडण्यासाठी डोरोथी हॉजकिन यांना क्ष-किरणांच्या साहाय्यानं कित्येक वर्षं काम करावं लागलं. त्यांना १९६४ मध्ये नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. हा रेणू बनवण्याची हातोटी निसर्गात फक्त जिवाणूंकडे आणि त्यांच्या काही सूक्ष्म भाऊबंदांकडे आहे. गाय तो बनवत नाही, कोंबडी बनवत नाही, आपणही नाही. गाईच्या पोटातल्या मोठ्या कप्प्यात अब्जावधी जिवाणू गवत आंबवत असतात, तेच बी१२ तयार करतात, आणि पुढच्या आतड्यात गाय ते शोषून घेते. ऑस्ट्रेलियातल्या काही कुरणांवर मेंढ्या भरपूर चरूनही खंगून मरत. १९३० च्या दशकात कळलं की त्या जमिनीत पुरेसं कोबाल्टच नव्हतं. मोठ्या आतड्यात जिवाणू आपल्याही आहेत आणि तेही बी१२ बनवतात. पण ते शोषून घेण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे त्यांच्या आधीच्या मुक्कामावर असते. माल तयार होतो, पण गाडी पुढे निघून गेलेली असते.

औद्योगिक कुक्कुटपालनात तर कोंबड्यांच्या खाद्यात कारखान्यात बनवलेलं बी१२ सर्रास मिसळतात. ‘गोळी घ्यावी लागते म्हणजे हा आहार अनैसर्गिक’ असं म्हणणाऱ्याच्या ताटातल्या कोंबडीनं ती गोळी त्याच्या वतीनं आधीच घेतलेली असते. आणि औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी? वुडवर्ड आणि एशेनमोझर या रसायनशास्त्रज्ञांनी शंभरएक सहकाऱ्यांच्या मदतीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हा रेणू प्रयोगशाळेत घडवून दाखवला खरा, पण तो पराक्रमच. व्यवहारात तसं कुणी करत नाही. मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवतात आणि त्यांच्याकडून ते काढून घेतात.

इंग्लंडमधली व्हीगन सोसायटी स्थापन झाली नोव्हेंबर १९४४ मध्ये, म्हणजे बी१२ हाती लागण्याच्या चार वर्षं आधी. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी दूध आणि अंडी सोडली तेव्हा आपण नेमकं काय सोडतोय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. १९५० च्या दशकात ब्रिटिश आणि डच व्हीगन मंडळींची तपासणी झाली तेव्हा काहींची जीभ सोलवटलेली, काहींच्या हातापायांना मुंग्या, काहींच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला इजा झालेली आढळली. काही जण मात्र ठणठणीत होते. याचं एक कारण साठ्यात आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी१२ साठवलेलं असतं, आणि रोजची गरज असते दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम. नव्यानं व्हीगन झालेला माणूस दोन-तीन वर्षं या जुन्या शिलकीवर मजेत जगतो, आणि नेमका याच काळात तो इतरांना छातीठोकपणे सांगत असतो की मला कसलीच गोळी लागत नाही.

बाळाकडे अशी शिल्लक नसते. १९६२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये काही तान्ह्या मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. आईच्या दुधावरच वाढणारी मुलं. ती हसेनाशी झाली, मान धरेनाशी झाली, त्वचा काळवंडली, हातपाय आपोआप थरथरू लागले. त्यांच्या आयांच्या दुधातच बी१२ नव्हतं. ते दिल्यावर मुलं सुधारली. या आया व्हीगन चळवळीतल्या नव्हत्या. गरिबीमुळे दूध-मांस ताटात क्वचितच येणाऱ्या बायका होत्या. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र आजही अनोळखी नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात बी१२ कमी निघालं. २००६ मध्ये त्यांच्याच गटानं मध्यमवयीन पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी होतं; नुसता शहरी मध्यमवर्ग घेतला तर ८१ टक्के. ज्याच्या घरी रोज दूध येतं, दही विरजलं जातं, तो हा वर्ग. ‘आम्ही काही व्हीगन नाही बुवा, दूधदुभतं खातो’ ही खात्री इथं फारशी उपयोगाची नाही. शंभर मिलिलिटर दुधात जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम बी१२ असतं. दिवसाचे दोन चहा आणि वाटीभर पातळ ताक यांतून गरज भागत नाही. मांसाहारी म्हणवणाऱ्या कितीतरी मराठी घरांतही मटण-मासळी म्हणजे बुधवार आणि रविवार, त्यातून श्रावण, संकष्टी आणि गुरुवार वजा.

या पुणेरी अभ्यासाचा पुढचा भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्या खेड्यांतली मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी फोलेट भरपूर होतं पण बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांचं शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होतं. मधुमेहाकडे जाणारी वाट ती हीच. परळमध्ये एकमेकांपासून वेगळे ओळखले गेलेले हे दोन पदार्थ शरीरात जोडीनं काम करतात. एक भरपूर आणि दुसरा नाही, असं झालं की गोंधळ होतो. प्रौढांतही तसंच: नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं तर रक्त सुधारतं, अहवाल ठीक येतो, आणि मज्जातंतूंची हानी मात्र गुपचूप चालू राहते. गरोदरपणात सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्याच. पण शाकाहारी बाईनं त्याच भेटीत डॉक्टरांना बी१२ विषयी विचारावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं रिकाम्या पोटी पँटोप्रॅझोल गिळणाऱ्यांनीही विचारावं, कारण या दोन्ही औषधांमुळे बी१२ कमी शोषलं जातं.

मग किती घ्यायचं? इथं शोषणाची एक गंमत आहे. जठरात तयार होणारं एक प्रथिन बी१२ ला हाताला धरून आतड्यापर्यंत नेतं, पण एका वेळी त्याची धाव दीड-दोन मायक्रोग्रॅमपर्यंतच. त्यापलीकडे कितीही मोठी मात्रा घ्या, उरलेल्यातलं जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणूनच दीड हजार मायक्रोग्रॅमची गोळी बघून घाबरायचं कारण नाही. तिच्यातून पदरात पडतात पंधरा-सतरा. ब्रिटनची व्हीगन सोसायटी रोज किमान दहा मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा दोन हजार मायक्रोग्रॅम घ्यायला सांगते. हे झालं तब्येत चांगली असलेल्यांचं. मुंग्या येत असतील, तोल जात असेल, विसरायला होत असेल तर डॉक्टर गाठावा. बऱ्याचदा इंजेक्शनं लागतात.

सायनोकोबालामिन या प्रकारात सायनाइड असतं म्हणून तो टाळा, असा एक संदेश फिरत असतो. असतं, खरंच असतं: हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीत वीसेक मायक्रोग्रॅम. चमचाभर कच्च्या जवसातून त्याहून जास्त पोटात जातं.

गोळीच नको म्हणणाऱ्यांसाठी बाजारात स्पिरुलिना असतं. पाकिटावर बी१२ चा आकडाही छापलेला असतो. त्यातला बहुतेक भाग बी१२ सारखा दिसणारा पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असा जुळा रेणू असतो. आंबवलेल्या इडलीचं, धुऊन न घेतलेल्या मुळ्याचं, विहिरीच्या पाण्याचंही नाव घेतलं जातं. यांतल्या एकावरही आपल्या मज्जारज्जूची जबाबदारी टाकू नये.

बी१२ चा प्रश्न असा गोळीनं मिटला की व्हीगन आहाराबद्दल पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग प्रोटीनचं काय?’ या प्रश्नाची भीती जितकी मोठी, तितकं तिच्यात तथ्य नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत संयुक्त राष्ट्रांच्या दालनांतही हीच भीती पसरली होती. जग प्रथिनांअभावी उपाशी आहे, त्याला दुधाची पावडर आणि माशांचं पीठ पुरवा, असा धोशा चालला होता. त्याला आकडेवारीनिशी आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. अन्न आणि कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे ते प्रमुख होते. भारतीयांच्या आहाराचे आकडे तपासून त्यांनी दाखवलं की पोटभर जेवणाऱ्या माणसाला धान्य-डाळींतून बहुधा पुरेसं प्रथिन मिळतं. प्रथिन कमी पडतं ते मुख्यतः पोटच भरत नाही तेव्हा, कारण मग शरीर प्रथिनंच सरपणासारखी जाळतं. सुखात्म्यांच्या काही मतांवर पुढे कडाडून वाद झाले, विशेषतः कमी उष्मांकाशी शरीर जुळवून घेतं या मतावर. पण प्रथिनांच्या बाबतीत जागतिक मत त्यांच्या बाजूला सरकलं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. अडीचशे ग्रॅम ज्वारी-बाजरी-गहू-तांदूळ यांतून पंचवीसेक ग्रॅम येतं, ऐंशी ग्रॅम डाळी-कडधान्यांतून अठराएक, मूठभर शेंगदाण्यांतून सात. झाले पन्नास. ऐंशी ग्रॅम कोरडं कडधान्य म्हणजे दुपारी एक भरपूर वाटी उसळ आणि रात्री घट्ट वरण. खरी खोट इथंच असते, कारण आपल्याकडे आमटी बऱ्याच घरांत डाळीपेक्षा पाण्याचीच असते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी आणि डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढतं. १९७१ साली फ्रान्सिस मूर लॅपे या अमेरिकी लेखिकेनं अशा जोड्या एकाच जेवणात जुळवण्याचे तक्ते दिले आणि लोक कागद-पेन्सिल घेऊन जेवायला बसू लागले. दहा वर्षांनी नव्या आवृत्तीत तिनं स्वतःच ते मागे घेतलं: दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे. वरण-भात, मटकीची उसळ आणि भाकरी, पिठलं-भाकरी यांना तक्त्याची गरज कधीच नव्हती.

मराठी स्वयंपाकातला कितीतरी भाग मुळातच व्हीगन आहे, फक्त त्याला तसं कुणी म्हणत नाही. तेलाची धार सोडलेला झुणका, भरली वांगी, ठेचा, थालीपीठ, मिसळ, कोकणातली नारळाच्या दुधाची सोलकढी. यात दूध-तूप वरून येतं. तेच वगळलं की ज्याची जागा भरावी लागते ते म्हणजे कॅल्शियम, आणि याकडे मात्र व्हीगन मंडळी काणाडोळा करतात. ऑक्सफर्डच्या एका दीर्घ अभ्यासात पंचावन्न हजारांच्या आसपास लोकांचा मागोवा घेतला गेला. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत व्हीगन लोकांची हाडं मोडण्याचं प्रमाण मांसाहाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त होतं, आणि खुब्याचं हाड मोडण्याचं तर दुपटीहून अधिक. वजन कमी असणं हे त्याचं एक कारण. कॅल्शियम आणि प्रथिन कमी पडणं हे दुसरं. तरीही पूर्ण फरक एवढ्यानं स्पष्ट होत नव्हता.

आपल्याकडे उपाय हाताशी आहे, तो म्हणजे नाचणी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. रोजची गरज हजार मिलिग्रॅम धरली तर नाचणीच्या दोन भाकऱ्यांत तिचा तिसरा हिस्सा येतो. तिळात तर याहून कितीतरी जास्त, पण तीळ आपण खातो चमच्यानं. नाचणीतलं फायटेट कॅल्शियमला आणि लोहाला धरून ठेवतं. नाचणी भिजवून मोड आणून सुकवली की ते घटतं. नाचणीसत्त्व करणाऱ्या बायकांना फायटेट माहीत नव्हतं, पण मोड आणणं माहीत होतं. पालकाचं मात्र फसवं आहे. कॅल्शियम भरपूर, पण ऑक्झलेट त्याला असं जखडून ठेवतं की वीसातला एखादा हिस्साच अंगी लागतो. मेथी, शेवग्याचा पाला यांवर जास्त भरवसा ठेवावा.

लोहाचं गणित लिंबावर ठरतं. कडधान्यातलं लोह एरवी कमी शोषलं जातं, सोबत क जीवनसत्त्व असेल तर कित्येक पटींनी वाढतं. आणि जेवणासोबत चहा घेतला तर निम्म्यापेक्षाही खाली येऊ शकतं. पोह्यांवर लिंबू पिळून शेजारी चहाचा कप ठेवणं म्हणजे एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घेणं. तास-दीड तास थांबावं. मिठाच्या बाबतीत सैंधवाची सध्या फार चलती आहे, पण मासळी आणि दूध दोन्ही नसलेल्या घरात आयोडीनचा खात्रीचा मार्ग म्हणजे साधं आयोडीनयुक्त मीठ.

पूरक गोळ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. फिनलंडमध्ये १९८०-९० च्या दशकांत एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली. गाजरात असतं ते बीटा-कॅरोटीन गोळीतून दिलं तर फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणं आणि गाजरातला एक रेणू उचलून रोज गिळणं यांत अंतर आहे. म्हणून मी तरी व्हीगन माणसाला सांगेन की बी१२ न चुकता. ड जीवनसत्त्व रक्त तपासून, कारण दिवसभर कार्यालयात बसणाऱ्या मांसाहाऱ्यालाही ते कमीच असतं. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारून समुद्री शैवालापासून काढलेलं डीएचए, कारण जवसातल्या ओमेगा-३ पासून शरीर ते फार थोडं बनवतं. वीस-पंचवीस घटकांच्या महागड्या मल्टिव्हिटॅमिनची आणि चॉकलेटच्या चवीच्या प्रोटीन पावडरीची यादीत गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेनंही स्नायू कमावण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत असंच म्हटलं आहे.

दुकानात गोळ्या घेताना मात्र वेष्टन वाचावं. ड३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं; व्हीगन हवं असेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं ड३ किंवा मग ड२ मागावं. कॅप्सूलचं आणि सॉफ्टजेलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं असतं. खाद्यपदार्थांवरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचं सांगतो, दूध नसल्याचं नाही. त्यासाठी २०२२ च्या नियमांनुसार हिरव्या ‘व्ही’ अक्षराचं वेगळं चिन्ह आहे. बदामाचं किंवा ओटचं दूध घेतलंत तर मागच्या तक्त्यात कॅल्शियम आणि बी१२ वेगळं घातलंय का ते पाहावं. नसेल तर ते बव्हंशी पाणी असतं, आणि त्याचा भाव दुधाच्या दुप्पट-तिप्पट.